औषधांच्या खोलीची माती

रेल्वे क्वार्टर्स, इगतपुरी
२ ऑगस्ट १९९७

मंगलावहिनी,

हे पत्र दार लावून वाच. आईला आणि दादाला काय सांगायचं ते तू तुझ्या शहाणपणाने ठरव. नाहीतरी त्या घरातलं सगळं शहाणपण तुझ्याच वाट्याला आलंय.

मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरला म्हणून लिहायचा धीर केला. मागच्या दोन्ही वेळी मी उतावीळपणे पेढे वाटले आणि पुढे काय झालं ते तू पाहिलंस. दुसऱ्या खेपेला तर माझे कपडे तू विहिरीवर नेऊन धुतलेस. लग्नाला नऊ वर्षं झाली, वहिनी. या वेळी काही वेडंवाकडं झालं तर परत उभी राहायची ताकद माझ्यात नाही. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. जिना उतरताना भीती वाटते, शिंक आली तरी भीती वाटते. गाडीने शिट्टी दिली की हात आधी पोटावर जातो.

बरं, रडगाणं पुरे. काम सांगते. मला माती हवी आहे. हसू नकोस. इथली माती लाल, चिकट, पावसाने नुसता गेरू झालेला. खाऊन पाहिली, थू! मला आपल्या मळ्यातल्या खोलीच्या भिंतीची हवी, पांढरीची. विहिरीकडच्या कोपऱ्यात तो खळगा आहे ना, आईने, आत्याने, तू बोटांनी कोरून कोरून पाडलेला, तिथली. आपल्या घरात जिला दिवस गेले ती त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. राजूच्या वेळी दादा आला की तू कशी तोंड पुसायचीस, आठवतं का? मागच्या दोन्ही वेळी मी ती खाल्ली नव्हती. म्हणूनच टिकलं नाही, असं वेड्यासारखं माझ्या मनात येतं.

मुलगी झाली तर नाव ठरवून ठेवलंय. सांगणार नाही. डोक्यावर बसलीस तरी सांगणार नाही.

तुझी,
शैला

*

मळा, वणी
११ ऑगस्ट १९९७

सौ. शैलाताईंना मंगलाचा नमस्कार.

पत्र पोचलं. दार लावूनच वाचलं, पण रडू आलं ते दाराबाहेर ऐकू गेलं, मग आईंना सांगावंच लागलं. त्यांनी देवापुढं साखर ठेवली अन मला बजावलं, गावात बोंबलू नको. मी कशाला बोंबलते?

नऊ वर्सं रेल्वेचा भात खाऊनबी जीभ मळ्यातच राहिली म्हणायची. राहू द्या. आई म्हणतात, पोटातलं मागतं ते द्यावं, नायतर लेकराच्या तोंडातून लाळ गळती.

घर आता स्लॅबचं झालं, पण ती मातीची खोली तुमच्या दादांनी पाडली नाय. द्राक्षाची समदी औषधं तिथंच असतात. पंप, डबे, पावडरीच्या गोण्या. राजूचा हात जाऊ नये म्हणून कुलूप लावलंय अन चावी माझ्या कमरेला. तुमचा खळगा हाय तिथंच हाय. गोण्या सरकवून हात घातला. खुरप्यानं खडे काढले, खापरावर चांगले खरपूस भाजले अन गोडेतेलाच्या डब्यात भरले. सहादू कंडक्टर तुमच्या गावच्या गाडीवर असतो, त्याच्या हाती दिलाय. त्यानं विचारलं, काय हाय? मी म्हटलं, सुपारी.

काढता काढता मीबी दोन खडे तोंडात टाकले. जुनी खोड, मेल्याशिवाय जायची नाय.

जिना उतरताना कठड्याला धरा. बाकी देवाला काळजी.

तुमची,
मंगला

*

इगतपुरी
५ सप्टेंबर १९९७

वहिनी,

तुझ्या तोंडात साखर पडो! डबा मिळाला त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून पाच-सहा खडे खाल्ले आणि लग्नाआधीच्या माहेरी गेल्यासारखं वाटलं. ह्यांनी पाहिलंच. म्हणाले, बालवाडीत पोरांना माती खाऊ नका म्हणून शिकवत होतीस ना? मी म्हटलं, ती पोरं होती, मी आई आहे.

एक मात्र आहे. मातीला वास जरा वेगळा येतो. लहानपणी पाणी मारल्यावर यायचा तसा नाही, जरा उग्र, ढेकणांच्या पावडरीसारखा. पण तुला सांगू का, मला तोच आवडायला लागलाय. झाकण उघडून नुसती हुंगत बसते. डोहाळेच ते, त्यांना काय अक्कल!

चौथा सरला. काल पहिल्यांदा आत काहीतरी फडफडलं. आधीच्या दोघांनी इथपर्यंत येऊच दिलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभीच राहिले, हलले तर थांबेल या भीतीने. पुन्हा फडफडलं. मग मी डब्यातला एक खडा काढला आणि म्हटलं, घे बाई, मामीने पाठवलाय.

डबा अर्ध्यावर आलाय. अजून पाठव.

शैला

*

मळा, वणी
२४ ऑक्टोबर १९९७

सौ. शैलाताईंना नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. छाटणी चालू हाय, श्वास घ्यायला सवड नाय. पेठकडची मजुरांची टोळी आली हाय, त्यातली लंकाबाई माझ्याच वयाची, कामाला वाघीण. छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून औषध लावायचं, मग फवारणी, मग पुढल्या महिन्यात घड औषधात बुडवायचे. हाताला वास येतो तो भाकरीलाबी येतो. तुमचे दादा म्हणतात, यंदा माल परदेशात जाणार. मी म्हटलं, माल जाऊ द्या, मला निदान नाशकाला तरी न्या.

दुसरा डबा सहादूच्याच हाती धाडलाय. या खेपेला खडे मऊ निघाले, खुरपं लागलंच नाय. पंप धुतलेलं पाणी त्याच भिंतीच्या बुडाला जातं, त्यानं माती फुगली हाय. बोटानं उकरली तरी येते. वाळवून भाजली, पहिल्यापेक्षा जास्त भरली हाय. पुरवून खा.

दिवाळीला यायचं नाव काढू नका. गाडीचे धक्के नकोत. चकल्या धाडीन. माझ्याबी पित्तानं उच्छाद मांडलाय, सकाळी चहा ठरत नाय. कामाचा शीण, दुसरं काय.

मंगला

*

मळा, वणी
२९ नोव्हेंबर १९९७

सौ. शैलास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, आईंच्या स्वप्नात गडावरची देवी आली. देवीनं सांगितलं की शैलानं माती खाऊ नये, कोप होईल. तरी आजपासून माती तोंडात घालू नये. डबा वाहत्या पाण्यात सोडावा. देवीला नारळ कबूल केला हाय. इकडे सर्व क्षेम.

मंगला

*

इगतपुरी
५ डिसेंबर १९९७

वहिनी,

हे काय पत्र आहे? ‘सर्व क्षेम’ काय, ‘अनेक आशीर्वाद’ काय! तू मला कधीपासून आशीर्वाद द्यायला लागलीस? आईने शेजारी बसून लिहवून घेतलेलं मला कळत नाही होय!

देवीला माझ्या तोंडातल्या मातीशी काय देणंघेणं आहे? आईच्या स्वप्नात देवी नेहमी आईच्या मनातलंच बोलते. माझ्या लग्नाच्या वेळीही रेल्वेवाला नको म्हणून आली होती, विसरलीस? आणि तू स्वतः गडावर कधी गेलीस तर जत्रेतल्या बांगड्यांसाठी. राग येऊ देऊ नकोस, पण आठव्या महिन्यात असल्या कोपाबिपाच्या गोष्टी लिहून मला घाबरवायचं म्हणजे कमाल झाली. दोन दिवस झोप नाही मला.

मी माती सोडणार नाही. तुझं पत्र वाचलं आणि रागारागाने मूठभर खाल्ली. पोर चांगलं लाथा मारतंय. या मातीनेच टिकलंय ते.

तू बरी आहेस ना? अक्षर वाकडं आलंय. बागेबद्दल एक ओळ नाही, दादाच्या नावाने एक टोमणा नाही. भांडलात का?

शैला

*

मळा, वणी
१० डिसेंबर १९९७

शैलाताई,

मूठभर खाल्ली हे वाचलं अन तशीच लिहायला बसले. थुंक. जे तोंडात असंल ते आधी थुंक अन मग पुढं वाच.

देवी खोटी. स्वप्न खोटं. मी घाबरून लिहिलं, भरल्या पोटाच्या बाईला वाईट कळवू नये म्हणतात म्हणून. आता खरं सांगते. ती माती विषारी हाय. त्या खोलीत सात वर्सं द्राक्षाची औषधं हायेत. डबे गळतात, पावडर सांडती, पंपाचं पाणी भिंतीला मुरतं. आमच्या एकाच्याबी डोक्यात आलं नाय. लेकराच्या हाताला लागू नये म्हणून मी कुलूप लावलं अन त्याच चावीनं उघडून तुम्हाला खाऊ घातलं.

आपली शेळी त्या भिंतीला बांधलेली असायची, भिंत चाटायची. ती व्याली. करडू मेलेलं निघालं. पाठ उघडी व्हती त्याची, मणके जुळलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, चाटण्यात काय आलं असंल ते सांगता येत नाय, पण भिंतीपासून जनावर लांब ठेवा. तवापासून माझ्या डोळ्याला डोळा नाय. माझ्या डोळ्यापुढं करडू नाय येत ताई, तुमचा डबा येतो.

पाया पडते. डबा टाका. भाऊजींना सांगा, लपवू नका. नाशिकला मोठ्या डॉक्टरकडं जा, मशीनमधून पोट बघतात तिथं. आजच्या आज जा.

मंगला

*

इगतपुरी
१५ डिसेंबर १९९७

वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा खरंच माझ्या तोंडात खडा होता.

मोरीत जाऊन घशात बोटं घातली. पोटात कळ आली, मग उलटी करायचीही भीती वाटली. खाली बसले आणि ह्यांना हाका मारत सुटले, शेजारच्या चार बायका गोळा झाल्या. ह्यांनी पत्र वाचलं. मला वाटलं ओरडतील. ते माझ्याजवळ फरशीवरच बसले आणि डब्यातले उरलेले खडे एकेक करून मोजायला लागले. त्या मोजण्याने मला जास्त भीती घातली.

डबा कुठे टाकू, तेच कळेना. नळाजवळ नको, उकिरड्यावर गाई चाटतात, ओढ्याला खाली बायका पाणी भरतात. शेवटी पाच पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. घरात आहे, तिथे वर आहे, हे मला झोपेतही कळतं.

नाशिकला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी मशीनने पाहिलं. पाठ जुळलेली दिसते म्हणाल्या. मी त्यांचा हातच धरला. मग मी विचारलं, म्हणजे सगळं ठीक ना? तर म्हणाल्या, मशीनला हाडं दिसतात, हृदय दिसतं. डोकं कसं चालेल, कान, बोलणं, हे मशीनला दिसत नाही, ते मूल वाढेल तसं कळेल. एखादे वेळी काहीच होणार नाही, पण तशी खात्री मी देऊ शकत नाही. वजनही जरा कमी वाटतं. माती तपासायला कुठे द्यायची विचारलं तर त्यांनाही माहीत नाही. ह्यांनी शेतकी खात्यात विचारलं, तिथे मातीत खत किती ते सांगतात, विष किती ते नाही.

आता ते हललं की भीती वाटते आणि नाही हललं की जास्त भीती वाटते. ऑगस्टपासून मी ज्याला प्रेमाने भरवत होते, त्याला मी काय भरवलं गं?

आणि आता मला एक सांग. काल अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं. बाग लावली त्याच वर्षी दादाने दोन्ही शेळ्या वणीच्या बाजारात विकल्या, वेलींना तोंड लावतात म्हणून. द्राक्षवाल्याच्या दारात शेळी कोण ठेवतं? मळ्यात सात वर्षं शेळी नाही.

वहिनी, कोणती शेळी?

शैला

*

मळा, वणी
२१ डिसेंबर १९९७

शैलाताई,

शेतकऱ्याची लेक तुम्ही, तुमच्यापुढं शेळी टिकणार नाय हे मला कळायला पायजे व्हतं. शेळी नव्हती. ती शेळी म्हंजी मी.

मलाबी दिवस गेले व्हते, तुमच्यामागून दोन महिन्यांनी. आई म्हणाल्या, एका घरच्या दोघी एकदम पोटुशा असल्या तर बोलू नये, शैलाचं नऊ वर्सांनी आलंय, तिचं सुखरूप पार पडू दे, मग आपलं सांगू. मलाबी वाटलं, तुमच्या आनंदात माझं ताट कशाला मांडू? मला राजू हाय. म्हणून पित्त म्हणून लिहिलं. तुमचा डबा भरायला जायची तवा मीबी खायची. रोज. तुम्हाला दोन खडे लिहिलं, खरं म्हंजी ओटीत घेऊन बागेत जायची.

पाचव्या महिन्यात पोट दुखायला लागलं. वणीहून नाशिकला नेलं. मुलगी व्हती. समद्या म्हणत व्हत्या, बघू नको. मी बघितली. कपाळ तुमच्यावर गेलं व्हतं, तेच रुंद. पाठ उघडी व्हती. करडाचं जे लिहिलं ते तिचंच लिहिलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या. शेजारी बसल्या, काय काम करता विचारलं. मी सांगितलं, औषध हातानं कालवते, घड बुडवते. काय खाता? मी म्हटलं, भाकरी, कालवण, अन भिंतीची माती. कुठली भिंत? मी सांगत गेले तशा त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, नक्की यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाय, कुणालाच सांगता यायचं नाय, पण हे समदं आजपासून बंद. मग उठता उठता विचारलं, घरात आणखी कुणी खातं का?

ताई, तोवर मी रडत व्हते. त्या सवालानं माझं रडं थांबलं. पोर गेली ते दुखणं विसरले मी. तिथून पळत सुटावं अन तुमच्या तोंडातून काढावं असं झालं. पण मला उठता येईना. घरी आले तर आईंनी देवीचं पत्र लिहवून घेतलं. पोटुशीला मेल्या लेकराचं सांगितलं तर तिचंबी पडतं म्हणाल्या. मी लिहिलं. तुमच्या दोन वेळा मी बघितल्यात, मला धीर झाला नाय.

तिला विहिरीपलीकडं, पाटाच्या कडेला ठेवली. तुमचे दादा त्या बाजूचं पाणी आता स्वतः धरतात, मला जाऊ देत नायत.

बाळंतपणाला इकडं येऊ नका. माहेर हाय तुमचं, पण येऊ नका. या घरातलं पाणीबी मला खरं वाटत नाय. नाशकालाच दवाखान्यात ठेवा. आई येतील तिथं.

माझ्यावर रागवायचं तर आत्ता नका, पोटातल्याला त्रास होतो. नंतर रागवा, पोटभर रागवा.

मंगला

*

नाशिक
३ फेब्रुवारी १९९८

ती. रंगनाथदादांना किशोरचा सा. न.

परवा पहाटे शैला मोकळी झाली. मुलगी आहे. शैलाची प्रकृती बरी. मुलीचं वजन फार कमी भरलं, जन्मताना लगेच रडली नाही, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली आहे. डॉक्टर काही दिवस थांबा म्हणतात. शैला सारखी पेटीपाशी जाऊन उभी राहते. आई इथे आहेत. पेढ्यांचं सध्या कुणाशी बोलू नये.

वहिनींना सांगावे की पाठ नीट आहे. शैलाने हे आधी कळवायला सांगितलं आहे.

आपला,
किशोर

*

मळा, वणी
१२ फेब्रुवारी १९९८

शैलाताई,

कार्ड तुमच्या दादांनी वाचून दाखवलं. ‘पाठ नीट आहे’ इथं ते थांबले, पुढं वाचवेना. मग मी हातातून घेतलं.

आई तिथून निरोप धाडतात, आज एवढं दूध प्याली, आज डोळे उघडले. पण त्या तर मला चांगलंच सांगणार. तुम्ही मला खरं लिहा. आता आपल्यात देवी नको अन शेळीबी नको.

खोली पाडली मी. तुमचे दादा म्हणाले, ऐन हंगामात औषधं ठेवू कुठं? मी म्हटलं, तुमच्या उशाला ठेवा. अन पहार घेतली. दोन घाव मी घातले तवा ते उठले. पत्र्याची वेगळी शेड टाकली बांधावर, घरापासून लांब, पाण्यापासून लांब. हातमोजे आणलेत. गडी हसतात, घालत नायत. मी उभी राहून घालायला लावते.

ढिगारा पुरायला खड्डा खणला. खणता खणता पाठ वळली तेवढ्यात लंकाबाई ढिगाऱ्याजवळ वाकली. सहा महिन्यांची हाय ती. पांढरीचं मोठं ढेकूळ उचलून ओटीत टाकलं अन एक तुकडा तोंडात. मला काय झालं कळलं नाय ताई. धावले, तिच्या तोंडात बोटं घालून माती काढली, गालाला माझं नख लागलं तिच्या. ती भ्याली, म्हणाली, “बाई, मातीच हाये ना, काय सोनं हाये का?” तिला वाटलं मी मातीसाठी मारते.

तवा मी देवीचं नाव घेतलं नाय. खाली बसवलं अन जसं घडलं तसं सांगितलं, माझी लेक कशी गेली, कुठं ठेवली. समद्या टोळीच्या बाया गोळा झाल्या. लंकाबाईनं ओटी झटकली, सतरांदा चूळ भरली. मग मला विचारलं, “तुझ्या पोरीचं नाव काय व्हतं?” मला सांगता आलं नाय. नाव ठेवलंच नाय ना कुणी. मेल्या लेकराला कोण नाव ठेवतं?

बारशाचं तुम्ही काढाल म्हणून आधीच सांगते, मी येणार नाय. जिचं लेकरू असं गेलं तिनं पाळण्याला हात लावू नये. आईंनी तोंडानं म्हटलं नाय, पण दवाखान्यातबी मला नेलं नाय, त्यातच समजायचं. अन खरं सांगू, मलाच भीती वाटती. त्या डब्यांत ज्या हातांनी माती भरली ते हात तुमच्या पोरीला कसे लावू?

मंगला

*

इगतपुरी
८ मार्च १९९८

वहिनी,

पोर घरी आणली. खरं लिही म्हणालीस, म्हणून खरं लिहिते.

चिमणीएवढी आहे. दूध ओढताना दमते आणि झोपून जाते, मग मी तिच्या नाकाशी बोट धरून बसते. रोज आंघोळीला पालथी घेतली की पाठीवरून एकेक मणका बोटाने मोजते, रोज. मागून टाळी वाजवते, दचकली की मला हायसं वाटतं, नाही दचकली तर ताट आपटते. सासूबाई म्हणतात, पोरीला बहिरी करशील अशाने. डोळे माझ्या बोटामागे फिरतात, पण कधी कधी फिरत नाहीत, त्या दिवशी मला जेवण जात नाही. डॉक्टर म्हणतात दर महिन्याला आणा, मान कधी धरते, बसते कधी, बोलते कधी ते बघू. म्हणजे ती शाळेत जाऊन पाढे म्हणेपर्यंत मी अशीच भिऊन राहायचं. कदाचित सगळं छान होईल. कदाचित नाही. विचारायला जावं असं कुणी नाही.

रागवायचं तर नंतर रागवा म्हणालीस. खूप प्रयत्न केला गं. माळ्यावरचा डबा काढून समोर ठेवला आणि तुझ्यावर रागावून पाहिलं. माती मीच मागितली, वास आला तरी मीच खाल्ली, तू सोड म्हणालीस तरी मूठभर खाल्ली. आणि तू, स्वतःची लेक पुरून आलेली, अंथरुणातून उठता येत नव्हतं तेव्हा माझ्या डब्याची काळजी करत होतीस. आठव्या महिन्यात मी थांबले ती तुझ्यामुळे. पुढचा दीड महिना मी काय खाल्लं असतं, याचा विचार कर आणि मग हातांचं बोल.

बारसं पुढच्या रविवारी आहे. तू येणार आहेस. पाळण्याखालून पोर द्यायला एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तू. आईला मी पत्र टाकलंय: वहिनी आली नाही तर पाळणा हलणार नाही. आई रडेल, चिडेल, स्वप्नात देवी आणेल. आणू दे. दादाला म्हणावं, घेऊन ये, आणि येताना द्राक्षं आणू नकोस.

आता एक हक्काचं. तुझ्या लेकीची मी आत्या. आपल्याकडे लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिच्या वेळी मला कुणी बोलावलं नाही, तो मान माझ्याकडे तसाच राहिलाय. ऑगस्टमध्ये मी एक नाव ठरवून ठेवलं होतं आणि तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीचं नाव तिची आत्या ठेवेल, तिला हवं ते ठेवू दे. हे मी माझ्या भाचीला देते.

तिचं नाव गौतमी.

तिच्या कानात मला सांगता आलं नाही. रविवारी निघायच्या आधी विहिरीपलीकडे जा, दादा अडवेल त्याचं ऐकू नकोस, आणि तिला मोठ्याने हाक मार. मग लंकाबाईलाही सांग. तिने विचारलं होतं.

तुझी,
शैला